कंपनाची मर्यादा

वालपराईसोच्या टेकडीवर या इस्पितळाला
पसरायला जागा नाही.
मागे डोंगर, त्याला पाठ लावून दगडी भिंत,
डाव्या हाताला घळ,
उजव्या हाताला दोरावर चढणाऱ्या डब्याचे रूळ,
समोर रस्ता, एवढा अरुंद की
सिमेंटचा ट्रक वळताना
पाववाल्याला आपली पाटी आत घ्यावी लागते.

जागा बोटभर, मागणी चार मजल्यांची.
म्हणजे वरच जायचं,
पाच मजल्यांच्या उरावर,
आत माणसं झोपलेली असताना.

जुने खांब कागदावर भक्कम होते.
खरवडून पाहिलं, तर सळया निम्म्याच,
त्याही गंजून मेथीच्या मुळांसारख्या.
एकोणीसशे अठ्ठावन्नचा नकाशा, कोपऱ्यात नेटकी सही.
त्या सहीकडे मी बराच वेळ रागानं बघत बसले.
मग माझं पेन खिशात ठेवलं,
त्या दिवशी कशावरच सही केली नाही.

म्हणून नवे खांब, बावीस.
जुन्या इमारतीवर भार न टाकता
तिच्या आतूनच वर जाणारे, दोरा ओवावा तसे.
एक खांब म्हणजे एक खाट कमी.
मुख्य परिचारिका ग्रिसेल्दा ओयार्सूननं
नकाशा टेबलावर फिरवून स्वतःकडे घेतला.
"या खाटेवर कोण असतं, माहीत आहे?"
मला माहीत नव्हतं. मला अक्ष माहीत होता, क-सात.
तिनं सांगितलं. नावानं. बावीसच्या बावीस.
मी चार खांब सरकवले.
बाकीचे सरकेनात.
तुळईला माया नसते, लांबी असते.

तळघराची उंची दोन मीटर दहा.
यंत्र मावेना, त्याची मान कापून आखूड केली.
नळ्या मीटर-मीटरच्या,
एकीवर एक पिळून बसवायच्या,
अठरा मीटर खाली, खडक लागेपर्यंत.
घण घालायचा नाही. नुसतं फिरवायचं,
ताक घुसळावं तसं, ओठ मिटून.

कारण वर, बरोब्बर डोक्यावर,
अपुऱ्या दिवसांची बाळं.
काचेच्या पेटीखाली आम्ही एक संवेदक चिकटवला,
त्याला मर्यादा दिली, दशांश चिन्हाच्या पुष्कळ उजवीकडची.
ती ओलांडली की लाल दिवा
आणि तळघरातला फोन.
फोन वाजला की नोल्बेर्तो वाइकिल यंत्र बंद करायचा,
बादली पालथी घालून बसायचा.
किती वेळ, ते विचारायचं नाही.
कधी दहा मिनिटं, कधी चाळीस.
एकदा अडीच तास. का, ते कुणी बोललं नाही.
त्या दिवशी नंतर तो नळ्याही
दोन्ही हातांनी जमिनीवर ठेवत होता.

ऑगस्टातल्या एका रात्री पावणेतीनला
फोन वाजला.
"थांबा! बंद करा, दिवा लागलाय!"
नोल्बेर्तोच्या एका हातात फोन, दुसऱ्यात पाव.
पाण्याचा पाइप फुटल्यामुळे
यंत्र दहा वाजल्यापासून थंडच होतं.
"बाई, आम्ही नाही हो," तो म्हणाला,
आणि तेवढ्यात त्याच्या चहावर
वर्तुळं उठली, बारीक, एकात एक.

दोघं फोन धरून गप्प.
अठरा मीटरच्याही खाली
कुणीतरी कूस बदलत होतं.
मग चहा सपाट झाला.

"ठेवते," ग्रिसेल्दा म्हणाली.
"तुम्ही असतात तर बरं झालं असतं.
तुम्ही सांगितल्यावर थांबता."

सकाळी मी आकडे उतरवून घेतले.
बावीसपैकी सात जागा पक्क्या, पंधरा बाकी.
क-सातच्या शेजारच्या खाटेवरून
म्हातारे एवारिस्तो विचारत होते,
खांब आला की टोपीसाठी
त्यात एक खिळा ठोकून मिळेल का.
नियम माझ्या जिभेवरच होता.
ओतायच्या आधी सांगा, म्हटलं,
हात कुठवर पोचतो तुमचा?