दुधाळ तेल

बोटीच्या ड्राइव्हचा खालचा स्क्रू सोडला,
तेल आलं टपरीवरच्या चहासारखं.
"पाणी शिरलं," मी म्हटलं.
गेडाम गार्ड हसले, "बोट पाण्यातच राह्यते, पिसाराम. शिरनच."

वीस वर्षं ट्रॅक्टरचे गिअर उघडले मी.
दुधाळ म्हणजे पाणी, काळं म्हणजे जळलेलं,
अन् चमकलं तर दात गेले.
चिमटीत चोळून पाहिलं : कणी नव्हती.

सायकलच्या पंपानं हवा भरली,
साबणाचा फेस फासला,
अन् बसून राहिलो.
इटियाडोहावर वारा पडलेला.
पाणकावळा पंख वाळवत होता खुंटावर.
मग पंख्यामागून एक बुडबुडा.
बऱ्याच वेळानं दुसरा.

पंखा काढला. दांड्याला
जाळ्याचा नायलॉन, दहा-बारा वेढे,
सीलमध्ये रुतलेला, सुरीसारखा.
अन् त्यात एक गाठ,

उलटी, डावखुऱ्या हाताची.
आमच्या ढिवरटोल्यात अशी गाठ
एकटी सयत्रा मारते.
माझी सयत्रा.

"काय निघालं?"
"सील जुनं झालतं, साहेब."

नवं सील बसवून
तेल खालूनच भरत गेलो,
वरच्या भोकातून डोकावेस्तोवर.
खिशातला धागा
मांडीवर पाझरत होता.