रकाना सात

कंपनीच्या वार्षिक अहवालातला
सातवा रकाना माझ्याकडे असतो:
सामाजिक जबाबदारी, चाळीस शब्दांत.
आधीचे सहा भरून झालेत.
एकशे दहा हेक्टर, फवारणी शून्य,
भुसा विटांना, बी तेलाला,
धागा ड्रेस्डेनच्या गिरणीला.

बँकेतला माणूस अजून डोळा मारतो,
"काय व्हेतुरिया, यंदा पीक चढलं का?"
मी सांगते, चढलं की. साडेतीन मीटर.
आमच्या भांगेच्या धुरानं
फक्त डोकं दुखतं.

मे महिन्यात टेकडीवरून पाहिलं तर शेत
नुकतंच न्हाऊन बसलेल्या पोरीसारखं,
ओळीओळीनं भांग पाडलेलं.
ऑगस्टात आत शिरलेला माणूस दिसत नाही.
नुसते शेंडे हलतात,
त्यावरून कळतं, कुणीतरी चाललंय.

महिनाअखेर कापलं, पसरलं,
आणि दवाची वाट पाहत बसलो.
वाख असाच सुटत नाही,
काडीला थोडं कुजावं लागतं.
फार नाही. बेतानं.
दवात, उन्हात, कूस बदलत.
यंदा सबंध सप्टेंबर दव नाही.
काड्या कोरड्या ठाक,
वाकवली की काचेसारखी मोडायची.
गिरणीचा फोन: वीस ऑक्टोबर,
नाहीतर दुसरीकडून घेऊ.

इलारिओन, आमचा मालक, वय एकतीस,
नकाशा घेऊन अंगणात आला.
"गावाचं नावच तोपिला,
भिजवणीचं तळं.
आणि तळं तर अजून आहे!
पेंढ्या बुडवू, वर दगड ठेवू,
दहा दिवसांत मोकळे.
पाण्यात उतरेल त्याला मजुरी दुप्पट."

बायका गप्प.
सावेता ट्रेलरच्या कठड्यावर बसली होती.
सहकारी शेतीच्या काळात
ऑक्टोबरच्या पाण्यात कंबरेपर्यंत,
असे तेरा हंगाम काढलेली.
लग्नाच्या दिवशीसुद्धा केसांना तो वास होता म्हणते.
आणि खाली ओढ्यात मासे,
पांढरी पोटं वर करून,
बदकंही तोंड लावत नसत.
ती म्हणाली,
"मजुरी दुप्पट, बाळा.
गुडघे मात्र दोनच."

कुणी हसलं नाही.
इलारिओननं नकाशाची घडी घातली,
चुकीच्या रेघांवर. उलगडली. पुन्हा घातली.

आम्ही थांबलो.
दव आलं नऊ तारखेला, पाहुण्यासारखं,
जेवणं उरकल्यावर.
गिरणीनं तिसरा हिस्सा कापला,
आम्ही तीन हंगामी माणसांचा नोव्हेंबर कापला.
त्यातला एक दोरिनेल.
त्याच्या भिंतीशी यंदा लाकडं
खिडकीच्या खालीच थांबलीत.
तळं वाचलं, त्याचे पैसे त्यानं भरले.
त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

हे मी लिहिलं.
हेही लिहिलं, की आमच्या गाठी,
नैसर्गिक, मातीत विरून जाणाऱ्या,
आम्ही निळ्या प्लास्टिकच्या दोरीनं बांधतो,
कारण यंत्राला वाखाची दोरी गिळत नाही.
यंदा चौसष्ट किलोमीटर निळी दोरी.
मोजलीय मी. बिलं आहेत.

शब्द झाले एकशे बारा.
क्लूजच्या सल्लागार बाईंनी परत पाठवलं:
कृपया सूर सकारात्मक ठेवावा.
लाभार्थींची संख्या नमूद करावी.

संध्याकाळी तळ्यावर गेले.
पाणी काळं, पण वास नाही.
काठाशी उकिडवी बसून मोजू लागले.
एक. दोन. लव्हाळ्याच्या सावलीत तिसरा,
मग एक घोळका, धड थांबेचना.
अकरापर्यंत आले, तेवढ्यात मधोमध
एकानं उडी मारली.
मोजलेल्यातलाच होता
की नवा, कुणास ठाऊक.

आता रकान्यात अकरा लिहू
की बारा?