नव्वद सेकंद

पेटीत नऊ ठोकळे, लाल-पांढरे.
एक स्टॉपवॉच. चोवीस कोऱ्या उत्तरपत्रिका.
आणि नियमावली, पान अकरा:
मुलाला मदत करू नये. हसू नये. मान हलवू नये.

भूमपासून सतरा किलोमीटर आत, दोनशिक्षकी शाळा.
पोषण आहाराच्या खोलीत माझं टेबल मांडलं त्यांनी.
ती तांदळाच्या पोत्याला टेकून बसली.
तनुजा हुंबे. तिसरी. वय आठ वर्षं पाच महिने.
बाह्यांना खव्याच्या भट्टीचा धूर.

मी आकडे म्हणते, तू उलटे म्हण.
चार, नऊ, दोन.
"दोन, नऊ, चार."
सहा, एक, आठ, तीन.
ती खिडकीकडे वळली.
"बाई, कुणाचं तरी दूध लागायलंय."

मी लिहिलं: लक्ष विचलित. शून्य.
मला वास आला तो
पुढचा प्रश्न निम्मा वाचून झाल्यावर.
बाहेर कुणीतरी ओरडत पळालं.

दूध आणि पाणी, दोन्हींत सारखं काय?
(दोन्ही द्रव: दोन गुण. दोन्ही पितात: एक.)
ती बराच वेळ गप्प.
"सारखं न्हाई, बाई. पाणी आधीपासून बडबड करतंय.
दूध गप ऱ्हातंय, अन् मंग एकदम येतंय.
त्याच्या जरा आदी आवाज बारीक व्हतो.
तवाच खुरपणं फिरवायचं."
फरक सांगितल्यास शून्य. पान चौदा.

मग ठोकळे. कार्डावरची नक्षी जुळव.
तिची बोटं भराभर नाही चालली.
प्रत्येक ठोकळा उचलून, सगळ्या बाजूंनी बघून,
जणू उद्या परत लागणार आहे.
आठ बसले. नववा हातात होता
आणि मी म्हणाले, थांब.

"येकच ऱ्हायला व्हता."
माहीत आहे, असं मी म्हणाले नाही.
तिनं तो टेबलावर ठेवला, हळू,
आणि दाराशी जाईपर्यंत मागं बघत राहिली,
माझ्याकडे नाही, नक्षीकडे.

पुढचा. अयान शेख. वय आठ वर्षं एक महिना.
आकड्यांना अडखळला, दूध-पाण्याला खांदे उडवले.
ठोकळे आले तसा सरसावून बसला.
आठ लावले, चुकत, पुसत, पुन्हा लावत.
नववा उचलला. माझ्याकडे बघितलं.
"तनी म्हणली, ह्यो तिरपा फिरवायचा."

घड्याळात सत्त्याऐंशी.
पान अकरा मला पाठ आहे.
माझी मान हलली.