पिंगळ्यांचा ळ

जेल रोडला जिन्याखाली माझं दुकान. एक टेबल, दोन स्क्रीन.
पिंगळेकाका आले मंगळवारी, पिशवीत
कुणाच्या तरी पेटीच्या सुट्या पितळी पट्ट्या.
म्हणाले, नातू म्हणतो इंटरनेटवर दुकानाचं नाव घ्या,
आपल्या अक्षरांत मिळतं म्हणे आता.

इंग्रजीतही घेऊ का, मी विचारलं.
पी मोठा की लहान?
कसाही. यंत्र आधी सगळी अक्षरं खाली बसवतं,
मग नाव शोधतं.
काका हसले. म्हणजे मंद्रातला सा नि तारेतला सा.
सा तो साच.

इतक्या लवकर हे कुणालाच कळलं नव्हतं,
म्हणून मी उगाच लांबण लावलं:
तुर्कांकडे टिंबाचा आय वेगळा, बिनटिंबाचा वेगळा,
मोठा झाला तरी टिंबवाला टिंब सोडत नाही;
ग्रीकांचा स शब्दाच्या शेवटी शेपटी बदलतो;
जर्मनांच्या एका अक्षराला कितीतरी वर्षं
मोठं रूपच नव्हतं.
आणि आपलं?
वाक्य सुरू झालं म्हणून आपला क उठून उभा राहत नाही.
देवाचं नाव आलं तरी द तेवढाच.

मी टाइप केलं: पिंगळे.
थांब, काका म्हणाले, ल घाल.
साठ वर्षं इंदुरात पिंगले आहे मी.
शाळेच्या दाखल्यावर, वीजबिलावर.
पाटीवाल्याला ळ काढून दाखवला तर म्हणाला,
भिया, ये वाला अपने ब्रश में नहीं आता.
ही गेली तेव्हा स्मशानातल्या वहीतही ल.
बोललो नाही. वेळ नव्हती ती.

मी सांगितलं, मोठा ए, लहान ए यंत्राला एकच,
पण ल आणि ळ ते कधी एक धरत नाही.
दोन नावं. दोन पत्ते. फीसुद्धा दोनदा.

काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.
रे आणि कोमल रे, स्वतःशीच म्हणाले.
एवढ्या गावात ह्यालाच ऐकू येतं.

मग पैसे मोजले, दोन्हींचे.
ल टाकून कुणी आला तर हाकलू नकोस,
ळपाशी आणून सोड. होतं का तसं?
होतं. दोन ओळींचं काम.

वायरीतून जाताना नाव वेष पालटतं,
एक्स, एन, दोन आडव्या रेघा, पुढे रोमन गिचमिड.
ते मी त्यांना दाखवलं नाही.
पावती हाताने लिहिली.
ळ जरा मोठाच आला.