आतला खिसा

जेल रोडला पिठाच्या गिरणीला लागून माझं दुकान.
पीठ उडतं, कापडावर बसतं,
म्हणून गडद रंगाचं काम मी रात्री घेतो,
गिरणीचा पट्टा थांबला की.

गांगुर्डे आले ते मोबाइल पुढे धरून.
वाचा जरा, चष्मा घरी राहिला.
वाचलं. लेकीनं, संघमित्रानं पाठवलेलं:
पाच रात्री समुद्रावर, क्रूझ,
त्यातल्या दोन रात्री जेवण फॉर्मल.
पुरुषांना सूट, काळा असल्यास उत्तम.
चप्पल नको. अर्धी चड्डी नको.
अर्ध्या चड्डीवर जेवायला कोण जातं हो?
हसलो दोघंही,
तरी त्यांचा हात कॉलरवर गेला, शेवटचं बटण चाचपायला.

बोट म्हणजे मला गंगापूर धरणावरची ठाऊक.
लाइफ जॅकेट घालायचं, अर्धा तास फिरायचं,
उतरून मक्याचं कणीस.
पाण्यावर कोट लागतो हे नवीनच.

टेप लावली.
छाती अडतीस. पोटाचं मी मोठ्यानं बोललो नाही, नुसतं लिहिलं.
डावा खांदा अर्धा इंच उतरलेला:
प्रेसमध्ये कागदाची रिमं त्याच बाजूला घ्यायचो, म्हणाले.
म्हटलं, आत भर घालू, कळणार नाही.
नको, कळू दे.

काळं ठाण उलगडलं.
त्यांनी तळहातानं हळूच बाजूला सारलं.
निळा.
कोणता निळा ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
एप्रिलच्या आधी दरवर्षी सात-आठ शिवतो मी तसे.

खिसे?
नकोत.
अहो, कोट आहे.
मग थोडं थांबून, आपल्याशीच बोलल्यासारखं:
चौतीस वर्षं नोटा छापल्या,
सुटीच्या वेळी रोज गेटवर हात वर.
खिसा असला की उगाच धडधडायचं,
आत काही नसलं तरी.
म्हटलं, आतला एक ठेवतो, डावीकडे.
त्यात घालू काय?
ते तुमचं तुम्ही बघा. माझं काम शिवायचं.

रत्नमालाबाई दुसऱ्या दिवशी आल्या, साडी पिशवीत.
जांभळी, काठ बारीक, लेकीच्या साखरपुड्याची.
साडी चालते, पोरीनं विचारून घेतलंय.
पण डेकवर वारा असतो म्हणे,
पदर उडून सूपमध्ये पडला तर?
गल्ल्याच्या तळाशी जुने चार आणे होते,
कुणी घेत नाही, टाकवतही नाहीत.
पदराच्या कडेला आतून सहा शिवले, एकेक कप्प्यात.
त्यांनी पदर हलवून बघितला.
छुन् झालं.
ऐकू येईल का हो?
समुद्राचा आवाज मोठा असतो,
म्हणालो मी, ज्यानं समुद्र दोनदा पाहिला, तोही लांबून.

महिन्यानं गांगुर्डे परत. कोट ठीक, पँट सैल करायची.
किती जेवायला घालतात, सांगू नका.
तीन काटे, तीन सुऱ्या, बाहेरून आत यायचं.
समोर एक कर्नल बसायचे, काळ्या सुटात,
त्यांनी विचारलं, कोणाकडून शिवला?
मी जेल रोड सांगितलं.
(इथे मी सुईत दोरा ओवत होतो. पहिल्यांदा हुकला.)

कोट इस्त्रीला घेतला तर डावीकडे फुगवटा.
आत हात घातला.
पांढरा रुमाल, जेवणाच्या टेबलावरचा, घडी केलेला,
कोपऱ्यात बोटीचं नाव रेशमात.
बाई म्हणाल्या, अगं बाई, चुकून आला वाटतं.
गांगुर्डे बाहेर रिक्षाकडे बघत राहिले.
मग म्हणाले, उतरताना
कोणी तपासलंच नाही.

मी रुमाल उजेडात धरला.
कडेची शिलाई मशिनची, कोपरे जरा घाईतले.
घडी तशीच घालून
आतल्या खिशात ठेवून दिला.