पिनियन

अंबडच्या शेडमध्ये, सेकंड शिफ्ट सुटल्यावर,
वाल्मीक गांगुर्डे माझी गाडी उताणी करतो.
"पळवायचीय की चढवायचीय? आधी ते ठरव."

पळवायची तर मोठा पिनियन, शॉकमध्ये दाट तेल,
हलकी चाकं,
आणि दगड दिसायच्या आत हात वळलेला.
चढवायची तर बारका पिनियन,
मऊ स्प्रिंगा, डिफरन्शियल जाम,
पुढच्या रिममध्ये शिशाच्या पट्ट्या.
त्या तो चिमट्याने बसवतो,
तान्ह्याच्या कानात बाळी घालावी तशा.

मी म्हटलं, दोन्ही.
तो हसला नाही.

रविवारी अंजनेरीच्या पायथ्याशी
माझी गाडी तीन काळे दगड उडत गेली
आणि चौथ्यावर उताणी पडून
चाकं फिरवत राहिली, भुंग्यासारखी.
त्याची अजून पहिल्याच दगडावर.
एक चाक हवेत, एक कपारीत,
टायर दगडाला हुंगत.

करवंदीच्या जाळीमागून एक पोर ओरडलं,
"बंद पडली ओ!"
वाल्मीकचा अंगठा हलला, केसभर.
बंद नव्हती.

घरी येऊन मी मोठा पिनियन काढला.
अजून टेबलावर आहे,
बरणीच्या झाकणात, स्क्रूंसोबत.
बारका बसवलेला नाही.