तीन बोटं पाणी

सगळं गाव विचारतं, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?
मी सकाळी उठून डिकी उघडते,
स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालते
आणि मोजते : तीन बोटं.
काल दोन होती.

एस्टीम, अठ्ठ्याण्णवची. रंग मूळचा हिरवा, आता विचारू नका.
हिच्या डिकीतून मी गारगोटी, राधानगरी, पार बाजारभोगावपर्यंत
शाळांना वह्या पोचवते,
एकरेघी, चाररेघी, दोनशे पानी, खडूचे खोके वेगळे.
गेल्या आठवड्यात तुरंब्याच्या शाळेत गठ्ठा सोडला
तर चाररेघी वह्या पुरीसारख्या टम्म फुगलेल्या.
हेडबाई काही बोलल्या नाहीत.
एक वही उचलून त्यांनी फक्त वास घेतला.

डिकीचं रबर दोनदा बदललं.
काचेच्या कडेनं सिलिकॉन ओतलं, हात सैल सोडून.
एरियलचं भोक बुजवलं.
पाणी येतच राहिलं, घरचं असल्यासारखं.

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्री म्हणाले,
"वैनी, पाणी जिथं दिसतंय तिथनं येत न्हाई.
शिरतंय एकीकडनं, पत्र्याच्या पोटानं चालत जातंय
आणि बसतंय भलतीकडंच.
आत कुणीतरी झोपाय पायजे."
मग माझ्याकडं बघितलं. ह्यांनीही बघितलं.
पाच फूट उंचीचा संसारात पहिल्यांदाच उपयोग झाला.

खडू माझेच. तौफिकनं फरशीवर ठेचून पूड केली,
सांध्यासांध्यावर, बिजागरीखाली, दिव्यांच्या मागं
फुंकरीनं उडवली.
मी गुडघे पोटाशी घेऊन आत, हातात बॅटरी,
आणि वरून झाकण.
पेट्रोल, ओला पुठ्ठा, कधीच्या तरी कांद्याचं एक साल.
बाहेर नळी सुरू झाली. खालून वर, असं मिस्त्रींनी बजावलेलं,
आधी बंपर, मग दिवे, मग झाकण,
सगळीकडं एकदम ओतलं तर चोर कुठला ते कळत न्हाई.

बंपर : काही नाही.
उजवा दिवा : काही नाही.
मग नळी बंद झाली, कुणीतरी बादली सरकवली,
आणि ह्यांचा आवाज, अगदी कानाशी :
"कागलचं गिऱ्हाईक पंचेचाळीस म्हणतंय. इसार घेतलाय."
"वैनींना म्हाईत हाय?"
"गळती थांबू दे. मग सांगतो."

पाणी पुन्हा आलं. डाव्या दिव्यावर.
खडूच्या पांढऱ्यात एक काळी रेघ उतरली,
थांबली, वळली,
सांध्यावरून चालत खड्ड्यात गेली
पायाखालची वाट असल्यासारखी.
मी बॅटरी उलटी नेत नेत गेले. खालचा कोपरा, एका स्क्रूची टोपी.
बोट ठेवलं. थेंब थांबला.
आवाज मात्र तिथूनच येत राहिला,
आता चहाचं विचारत होते.

आतून तीनदा ठोकलं.
"सापडलं," म्हणाले. "डावा दिवा. खालचा कोपरा."
ह्यांनी माझ्या केसांतला खडू झटकला,
म्हातारी दिसतेस म्हणून हसले.

दिवा काढला तर मागचं रबर
चहात पडलेल्या बिस्किटासारखं हातात आलं.
नवं मिळत नाही. दस्तगीरनी सायकलच्या ट्यूबमधनं कापलं,
काळी पेस्ट लावली, स्क्रू पिळताना जीभ दातात धरली.
खड्ड्याच्या तळाचं बूचही चिखलाखालून शोधून काढलं.
"पाण्याला जायाची वाट होती की, वैनी.
इतकी वर्षं कुणी उघडलीच न्हाई."

तीन रात्री झोडपला. बंधाऱ्यावर बेचाळीस फूट.
खड्ड्यात पेपर अंथरलेला,
सकाळी हात लावला तर कुरकुरीत,
पाणीपातळीची परवाची बातमी त्याच्यावर कोरडी ठणठणीत.
"काय म्हणतीय डिकी?" ह्यांनी आतून विचारलं.
"कोरडी," मी म्हणाले.
मग थोडा वेळ उंबऱ्यात थांबले. ते चहा फुंकत होते.

डाव्या सांध्यावरची खडूतली रेघ मी पुसलेली नाही.
कागलचा माणूस आला की बॅटरी मारून दाखवणार आहे,
ह्यांच्यासमोर :
हे बघा, इथनं आत यायचं.
पाणीसुद्धा.